दोघांचं पटलंय, मग वकील कशाला?



पारण्याच्या पदार्थांवर लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या वेळी नक्की. मध्यंतरी भिशीत आणि स्थानकाच्या पायऱ्यांवर मला तीन-चार जणींनी हळू आवाजात एकच प्रश्न विचारला. कुणाची मुलगी, कुणाचा भाचा, कुणाची नणंद. "दोघांचं ठरलंय हो, भांडण काही नाही. मग कोर्ट-कचेरी कशाला? चार माणसं बसवून लिहून घेतलं तर नाही का चालणार?" हळू आवाजात उत्तर देऊन देऊन दमले, म्हणून एकदाच मोठ्यानं लिहिते.

माझ्या बहिणीच्या मुलीचं गेल्या वर्षी असंच झालं. तिला विचारूनच लिहिते आहे. नावं अर्थातच नाहीत.

जावई चाकणच्या एका कंपनीत, तिन्ही शिफ्ट. भाची भोसरी एमआयडीसीत एका छोट्या युनिटचे अकाउंट्स बघते. घर मोशीला. तो रात्रपाळी करून सकाळी आठला यायचा, तेव्हा ती डबा घेऊन निघालेली असायची. पण केवळ शिफ्टमुळे संसार मोडतात असं मी म्हणणार नाही, तसं असतं तर निम्मं चाकण एकटं राहिलं असतं. त्यांचं जमलं नाही. मारहाण नाही, व्यसन नाही, सासूचा जाच नाही. मूलबाळ नाही. आपल्याकडे कारण सांगता आलं नाही की लोकांचं समाधान होत नाही, त्यामुळे ताईनं वर्षभर लोकांना "ऑडिट सुरू आहे म्हणून माहेरी आलीय" असं सांगितलं. 2023 च्या दिवाळीपासून भाची चिंचवडला आईकडे होती.

2025 च्या जानेवारीत दोन्हीकडची मोठी माणसं बसली. कुणी आवाज चढवला नाही, चहा झाला, आणि नात्यातल्या एका ज्येष्ठ काकाजींनी मजकूर सांगितला. पाचशेच्या स्टँपपेपरवर फारकत लिहायची, नोटरी करायची, दोघांनी सह्या करायच्या, एकमेकांना खमत-खामणा करून मोकळं व्हायचं. मजकुरात एक ओळ होती: "मला काहीही नको, माझी कोणतीही मागणी नाही." ती ओळ भाचीनं स्वतः सुचवली होती. तिला फक्त सुटायचं होतं.

काकाजींचा हेतू चांगलाच होता. समाजाची अब्रू आणि पोरांचे पैसे दोन्ही वाचावेत एवढंच त्यांच्या मनात होतं. पण त्या कागदानं घटस्फोट होत नाही. नोटरी फक्त सही कुणाची ते बघतो, लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही. कायद्यात रूढीनं चालत आलेल्या घटस्फोटाला जागा आहे, पण तशी रूढी त्या समाजात जुनी आणि अखंड आहे हे सिद्ध करावं लागतं. आपल्या घरांत आजीच्या काळी तर फारकत हा शब्दच उच्चारत नसत, मग रूढी कुठली सिद्ध करणार? त्या कागदाच्या भरवशावर उद्या दोघांपैकी कुणी दुसरं लग्न केलं तर ते लग्न मुळातच रद्द ठरतं, आणि पहिलं टिकून असताना दुसरं करणं हा गुन्हा आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

नेमकं त्याच दिवसांत व्हॉट्सअॅपवर एक बातमी फिरू लागली की जैनांना आता हिंदू विवाह कायदा लागू नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी ती वाचली असेल, आणि अजूनही कुणी कुणी तोच जुना मेसेज पुढे ढकलत असतं. झालं होतं ते असं. इंदूरच्या एका जैन दांपत्यानं परस्पर संमतीनं घटस्फोटाचा अर्ज केला होता. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथल्या कौटुंबिक न्यायालयानं तो फेटाळला. कारण काय, तर 27 जानेवारी 2014 च्या अधिसूचनेनं केंद्र सरकारनं जैनांना अल्पसंख्याक म्हणून जाहीर केलंय, तेव्हा त्यांना हिंदू विवाह कायद्याचा लाभ कसा द्यायचा? प्रकरण मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेलं आणि मार्च 2025 मध्येच तो आदेश रद्द झाला. 1955 च्या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात बौद्ध, जैन आणि शीख यांची नावं स्पष्ट लिहिली आहेत. अल्पसंख्याक दर्जामुळे ते कलम पुसलं जात नाही. आपला धर्म स्वतंत्र आहेच, लग्नाचा कायदा मात्र आपल्याला हाच लागू आहे. काकाजींनी ती बातमी दाखवून "बघा, कोर्ट आपल्याला दारातही घेत नाही" असं म्हटलं होतं, त्यांना उच्च न्यायालयाची बातमी पाठवली तेव्हा त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ते होकारार्थी समजले.

तर मार्ग कुठला? या कायद्यात 1976 साली कलम 13-ब घातलं गेलं. दोघं वर्षभर किंवा जास्त वेगळे राहत आहेत, एकत्र राहणं जमलेलं नाही आणि लग्न संपवायचं दोघांनी मिळून ठरवलंय, एवढं सांगून दोघांनी एकच अर्ज करायचा. कुणी कुणावर आरोप करायचा नाही. मला तर हे कलम आपल्या वृत्तीला साजेसं वाटतं, पण ते असो.

इथे एक गोष्ट थांबून सांगते, कारण आपल्यातल्या पुष्कळ जणी सत्याचं अणुव्रत पाळतात. "वेगळे राहत आहोत" हे लिहायला मुली कचरतात, कारण दोघं एकाच फ्लॅटमध्ये असतात. भाडं परवडत नाही, नाहीतर लोक काय म्हणतील म्हणून एकाच छताखाली दोन खोल्यांत राहतात. मग कुणीतरी सल्ला देतं, मैत्रिणीचा पत्ता टाक. खोटं लिहायची गरज नाही. वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं, घर एकच असलं तरी ते होऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्येच सांगितलंय. आहे ते लिहावं. शपथपत्रावर सही करताना हात कापायला नको.

आता वकील. जावयाच्या ओळखीचे एक वकील दोघांचा अर्ज करायला तयार होते. परस्पर संमतीच्या अर्जाला दोघांचा मिळून एक वकील हे सर्रास चालतं, त्यात गैर काही नाही. कौटुंबिक न्यायालयांचा जो 1984 चा कायदा आहे, त्याप्रमाणे तर तिथे वकील हक्कानं उभाच राहू शकत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. दोघं स्वतः अर्ज घेऊन गेले तरी चालतं. पण अर्ज दाखल करणं हे काम सोपं आहे. अवघड काम त्याच्याआधीचं, कशाकशावर सही करतोय ते समजून घेण्याचं. त्यासाठी मुलीचा स्वतःचा वकील हवा, भले एकाच बैठकीपुरता. जो दोघांचा आहे तो तिला "अगं, हे सोडू नकोस" असं कसं सांगणार?

ताई म्हणाली, दोन-दोन वकिलांच्या फिया कुठून भरायच्या? म्हणून हे नीट वाचा. विधी सेवा प्राधिकरणाचा 1987 चा कायदा आहे, त्याच्या 12 व्या कलमाप्रमाणे कुठल्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. उत्पन्नाची अट पुरुषांना आहे, बाईला नाही. पगार असो, बंगला असो, नवऱ्याचं दुकान असो. पुण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते, म्हणजे चाकण-महाळुंगेकडच्या मैत्रिणींना खेड-राजगुरुनगर जवळ पडेल. 15100 या नंबरवरही विचारता येतं. साधा अर्ज, ओळखपत्र, आणि पॅनेलवरचा वकील नेमून देतात. दुसरं असं की महाराष्ट्र सरकारच्या 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेनं घटस्फोट, पोटगी अशा प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. आपल्या बायकांना हे घ्यायचा संकोच वाटतो, "ते गरिबांसाठी असतं" म्हणून. दान घेणं वेगळं, हक्क घेणं वेगळं. बँकेत ज्येष्ठ नागरिकांचं जास्त व्याज घेताना तुम्हाला कुठे संकोच वाटतो?

तिथे भाचीला ज्या वकीलबाई मिळाल्या त्या तिशीतल्या होत्या. त्यांनी "मला काहीही नको" ही ओळ वाचली आणि विचारलं, "घराच्या कर्जावर नाव कुणाचं?"

नाव दोघांचं होतं. माझं बी.कॉम. झालं त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली, पण व्याजाचं गणित काही विसरता येत नाही. ताईच्या डायनिंग टेबलावर आम्ही कागद मांडले. मोशीचा फ्लॅट 48 लाखांचा. 12 लाख हातचे भरले, त्यातले 5 लाख जिजाजींनी दिलेले. 36 लाख कर्ज, 20 वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता 31 हजार 240 च्या आसपास. चार वर्षांत जवळजवळ 15 लाख भरून झाले होते आणि मुद्दल उतरलं होतं फक्त सव्वातीन लाखांनी. 32 लाख 70 हजार शिल्लक! भाची पहिली अडीच वर्षं निम्मा हप्ता भरत होती, ते झाले 4 लाख 68 हजार.

"मला काहीही नको" लिहून ती फ्लॅट सोडणार होती. कर्ज मात्र तिला सोडणार नव्हतं. नवरा-बायकोनी आपसात काहीही ठरवलं, न्यायालयानं त्यावर शिक्का मारला, तरी बँक त्या करारात पक्षकार नसते. त्यानं उद्या हप्ते थकवले, चाकणची ऑर्डर कमी होऊन नोकरी गेली, तर बँक सोळा वर्षं हिच्याही दारात येऊ शकते. तिनं स्वतःसाठी वन रूम किचन घ्यायचं म्हटलं तर आधीचं कर्ज तिच्या नावावर दिसणार. सिबिल त्याच्या हप्त्यांवर अवलंबून. सगळं सोडलं असं तिला वाटणार, आणि हातात उरणार फक्त देणं.

जावयाला हे सांगितलं तेव्हा त्यालाही धक्का बसला. त्याच्या डोक्यात कपट नव्हतं, त्यानं तेवढा विचारच केला नव्हता. मग उलट क्रम लावला. आधी त्यानं एकट्याच्या पगारावर कर्ज घ्यायला बँकेची मंजुरी आणायची. पहिल्या बँकेनं नकार दिला. शेवटी त्याचा भाऊ सहकर्जदार झाला. भाचीचं नाव कर्जातून निघाल्याचं पत्र हातात आल्यावरच तिनं फ्लॅटच्या हक्काच्या कागदावर सही करायची. आणि तो कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा, कारण हुकूमनाम्यात लिहिलं म्हणून सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरचं नाव आपोआप बदलत नाही. तिचे 9 लाख 68 हजार निघत होते, 9 लाखांवर तोड निघाली. जिजाजी म्हणाले, अडुसष्ट हजारांसाठी ताणू नका. मी ताणलं असतं, पण माझा आवाज एक मत एवढाच होता.

सोन्याची यादी वेगळी. लग्नात तिच्या अंगावर आलेलं, माहेरचं आणि सासरचं, ते तिचं स्त्रीधन. त्यावर नवऱ्याचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालय 1985 पासून सांगत आलंय. पण लॉकर सासूबाईंच्या नावावर असतो आणि यादी कुणाकडेच नसते. आम्ही लग्नाच्या अल्बमवरून यादी केली. बांगड्या, राणीहार, बाजूबंद, वजनं पावत्यांवरून. दोन वस्तूंवर मतभेद झाला तेव्हा सासूबाईंनीच "ते तिच्या आजीनं दिलेलं, माझ्या समोर दिलंय" असं सांगून मिटवलं. त्या बाईंबद्दल मला त्या दिवसापासून आदर आहे. कोणती वस्तू कधी परत केली, हे संमतीच्या अटींत लिहिलं.

ज्यांना मुलं आहेत त्यांच्यासाठी एकच वाक्य. आईनं स्वतःची पोटगी सोडली तरी मुलाचा खर्च तिला सोडता येत नाही, तो मुलाचा हक्क आहे. शाळेची फी, मेडिक्लेम, सुट्टीत कुणाकडे, सगळं तारखेनिशी लिहा.

पैसे कधी घ्यायचे हेही महत्त्वाचं. क्रिकेटवाल्या युझवेंद्र चहलची बातमी सगळ्यांनी चवीनं वाचली होती ना? त्यात शिकण्यासारखं होतं ते कुणी वाचलं नाही. ठरलेली रक्कम 4 कोटी 75 लाख, त्यातले 2 कोटी 37 लाख दिलेले. सगळे पैसे दिले नाहीत म्हणून वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयानं सहा महिन्यांची मुदत माफ केली नाही. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अटी वाचल्या. दुसरा हप्ता हुकूमनाम्यानंतर द्यायचा असं त्यांतच लिहिलेलं होतं, म्हणजे अटी मोडलेल्या नव्हत्या. मुदत माफ झाली. अटीत काय लिहिलंय त्यावर किती अवलंबून असतं बघा. आम्ही तीन लाख अर्जाच्या दिवशी, तीन लाख कर्जातून नाव निघाल्यावर आणि शेवटचे तीन लाख हुकूमनाम्याच्या दिवशी डिमांड ड्राफ्टनं, असं लिहिलं. हुकूमनाम्यानंतरची तारीख मी माझ्या घरात कुणाला घालू देणार नाही.

सहा महिन्यांची मुदत म्हणजे काय ते सांगते. पहिला अर्ज दिल्यावर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा दोघांनी येऊन "अजूनही तेच म्हणणं आहे" असं सांगायचं. मध्ये कुणाचं मन फिरलं तर हुकूमनाम्यापर्यंत संमती काढून घेता येते. 12 सप्टेंबर 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दोघं दीड वर्ष वेगळे राहिले असतील, समेटाचे प्रयत्न होऊन गेले असतील, पैसे आणि मुलांचं सगळं ठरलं असेल, तर न्यायालय ही मुदत माफ करू शकतं. अर्ज करावा लागतो, आपोआप होत नाही. आमचं दीड वर्ष मे महिन्यात भरलं, म्हणून जूनमध्ये अर्ज केला.

लग्न बिबवेवाडीच्या कार्यालयात झालं होतं, त्यामुळे शिवाजीनगरचं कौटुंबिक न्यायालय चाललं. लग्न जिथे झालं, शेवटचे एकत्र जिथे राहिले, किंवा अर्जदार पत्नी सध्या जिथे राहते, यांपैकी कुठलंही चालतं. पिंपरीहून मेट्रोनं जिल्हा न्यायालय स्थानकाला उतरलो. लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, विवाह नोंदणीचा दाखला, आधार, पत्त्याचे पुरावे, पासपोर्ट साइज फोटो, सगळ्याचे तीन-तीन संच मी फायलीत लावले होते. ताईला भीती होती की भर कोर्टात नाव पुकारतील, ओळखीचं कुणी असेल, बातमी होईल. हिंदू विवाह कायद्याची प्रकरणं बंद दाराआड चालतात आणि ती छापायला कायद्यानंच मनाई आहे. विवाह समुपदेशकांनी दोघांना आधी वेगळं, मग एकत्र बसवून विचारलं, कुणाचा दबाव आहे का, पुन्हा प्रयत्न करायचा का. भाची नंतर म्हणाली, "मावशी, दीड वर्षात मला असं शांतपणे पहिल्यांदाच कुणी विचारलं." ताई खिडकीबाहेर बघत राहिली.

मुदत माफ झाली आणि पर्युषणाच्या आधी हुकूमनामा हातात आला. संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर जावयाचा तिला मेसेज आला, मिच्छामि दुक्कडं. तिनंही पाठवला. काही जणींनी मला विचारलं, खमावायचंच होतं तर एवढा पै-पैचा हिशोब कशाला केला? मला यात विरोध दिसत नाही. मनात वैर ठेवायचं नाही असं आपल्याला शिकवलंय, उधारी न लिहिता ठेवायची असं कुणी शिकवलेलं नाही. आपण तर पिढ्यान्‌पिढ्या वह्या लिहिणारी माणसं. हिशोब अर्धवट राहिला असता तर दर महिन्याच्या हप्त्याच्या तारखेला तिच्या मनात तो माणूस आला असता, आणि चांगल्या भावनेनं नक्कीच नाही.

हुकूमनाम्याच्या चार प्रमाणित प्रती काढून घ्या, पुढे पासपोर्ट, बँक, सोसायटी सगळीकडे मागतात. आणि पीएफ, एलआयसी, म्युच्युअल फंड यांवरचं वारसाचं नाव लगेच बदला. भाचीच्या पीएफला अजून त्याचंच नाव होतं. ते बदलताना आता कुणाचं घालायचं म्हणून तिनं मला फोन केला. मी म्हटलं, आईचं घाल, आणि संध्याकाळी दिवस असेपर्यंत जेवायला ये, मुगाची खिचडी लावतेय.